'हात लावू नये'

अरे, आमच्या हडपसरच्या आयटी पार्कातल्या प्रदर्शनाची गंमत सांगितली का तुम्हाला? माझी मैत्रीण सायली, तिला दिसत नाही. तिने मातीत स्वतःचा चेहरा केला होता, लोकांनी हाताने बघावा म्हणून. मी शेजारी पाटी लावली, 'कृपया हात लावा.' पण पुणेकर ते! सगळे हात मागे बांधून लांबूनच म्हणणार, "वा, छान!" सायलीचं तोंड एवढंसं झालं. शेवटी वैतागून म्हणाली, "पाटी बदल. लिही, 'हात लावू नये.'"

लिहिली. लगेच एक काका मूर्ती चाचपायला लागले. "अहो, नाक जरा वाकडं झालंय."

सायली टाळी वाजवून ओरडली, "बरोब्बर, काका! माझं आहेच तसं!"