गच्चीवरचं लुगडं

"सेक्रेटरीसाहेब, गच्चीच्या कठड्यावरचं लुगडं तुम्हीच वॉचमनला कचऱ्यात टाकायला लावलंत."

दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. हे शेजारच्या बाकावर चाललं होतं.

"अनसूयाबाई, मी इथं शुगर तपासायला आलोय. सोसायटीचं सोसायटीत बोलू."

"माझी सून आत बाळंत होतेय. मी इथंच बोलणार."

"तुमची ती परदेशी सून, ओर्ला? मग चांगलं बोला की. फडक्याचं काय घेऊन बसलात?"

"आज तिच्या आयर्लंडात ब्रिजिडबाईचा सण. आदल्या रात्री कपडा बाहेर ठेवायचा. ती संतीण जाता जाता त्याला हात लावते. मग तो बाळंतिणीच्या अंगावर घालतात, सुटका नीट होते."

"भाईंदरला येते ही संतीण? चार मजले चढून?"

"येते. आणि तिला लिफ्टही लागत नाही, मेन्टेनन्स लावू नका."

"अहो, कठड्यावर कपडे नकोत असा ठराव आहे. त्यात ते जुनं, विरलेलं."

"माझंच ते. तिची आई नाही, म्हणून तिने माझं मागून घेतलं. पहाटे कळा सुरू झाल्या, घाईत राहिलं. आणायला गेले तर जागेवर नाही."

"मग दुसरं द्या. तिला काय कळतंय?"

"दुसरं रात्रभर बाहेर नव्हतं."

"आता घंटागाडीही गेली असेल हो."

"माझ्यात भांडायचं त्राण नाही, साहेब. पण प्रत्येक कळेला ती विचारतेय, 'आई, आणलं का?' आता आत गेले की तिला काय सांगू, ते तुम्ही सांगा."