बत्ती वाढव

तापाचं नाव काढलं की तुम्हाला डॉक्टर आठवतो, मला तळोद्याचा दिवेवाला आठवतो. मी मोजणीखात्यात होतो. धडगावच्या डोंगरात तंबू ठोकायचे होते, तेव्हा तो परोपरीने सांगत होता, "चार कंदील लई जा. एक बंद पडना तरी तीन ऱ्हातीन." मी एकच गॅसबत्ती घेतली, कारण ती घाटावरूनही दिसते.

तिथे मला हिवतापाने धरलं. मोजणीची साखळी ओढणारा गोविंदा धडगावला औषधाला निघाला. म्हणाला, "बत्ती चालू ठेवा. उजेड देखीसन रातलेच उतरसू."

अंधार पडला आणि बत्ती मंदावली. मी पांघरुणातूनच स्वयंपाक्याला म्हणालो, "सखाराम, बत्ती वाढव." त्याने कळ फिरवून ती साफ बंद केली.

"अरे, हे काय केलंस?"

"वाढाई दिधी ना, साहेब. आमना घरमा दिवाले इझाड म्हनतस नही, वाढाव म्हनतस."

परत पेटवायला स्पिरिट उरलं नव्हतं. मी काळोखात घाटाकडे कान लावून पडलो. कोणी उतरलं नाही.

उजाडल्यावर गोविंदा आला. सोबत चार माणसं, सगळ्यांच्या माना खाली. मला बसलेला पाहून तो तंबूच्या तोंडाशीच थबकला.

"घाटवरथीन बत्ती जाताना दिखनी. माले वाटनं साहेब गयात, म्हनीसन परत फिरनू."

"औषध कुठंय?"

"धडगावले दुसरा रोगीले दी टाकं."

"मग काखेत काय आहे?"

त्याने तोंड फिरवलं. कोरं पांढरं कापड होतं.

मला पुन्हा हुडहुडी भरली होती. शेवटी तेच पांघरलं.