न्हाणीची भिंत

गेवराईच्या बसस्थानकात माजलगावच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर एक म्हातारी आणि तिला घरी न्यायला आलेला तिचा लेक बसले होते.

"माय, घरातली वायरिंग समदी नवी केली."

"कावून? लाईट तर लागत व्हती."

"न्हाणीच्या भिंतीत जुनी वायर उघडी पडलती. ओल धरली की भिंतीत करंट उतरायचा."

"मी सांगत व्हते ना, भिंत चावती म्हनून."

"व्हय."

"तू म्हनलास, आंगुळ टाळायला बहाणे करती."

"म्हनलो."

"पारावर बसून सांगितलंस, मायचं डोकं फिरलं. म्हनून तर मी तुझ्या मामाकडं चकलांब्याला आले."

"हळू बोल माय. लोकं ऐकायलेत."

"मग आता कसं कळलं तुला?"

"पोरीला झटका बसला, संस्कृतीला. बरी हाय आता."

"पोरीनं सांगितलं अन् तू लगेच वायरमन आणला?"

"त्याच दुपारी."

"बरं केलंस, अंगद. लेकराचं ऐकावंच."

"माय, लई चुकलं माझं."

"मला नको सांगू. गावात उतरलं की आधी पारावर चल. तिथं सांग, माय खरं बोलत व्हती म्हनून."

"लोकं हसतील मला."

"मला हसलेच की इतके दिस."

गाडी लागली. लोक दाराशी धावले. लेक मात्र खाली बघत तसाच बसून राहिला. मग उठून त्यानं आईची पिशवी खांद्याला लावली.

"चल. सांगतो."