दुपारीही न वाळणारं दव

यूखिम : हळू, वहिनी. आधी काठी टेका, मग पाय.

तेक्ला : मला शिकवतोस? प्रिप्यात नदी ओलांडून नांदायला आले, तेव्हा तुझं नाक मी पुसायचे. थांब. बघ पायाशी.

यूखिम : हेच ते दवबिंदूचं रोप? ऊन डोक्यावर आलं नि हे अजून ओलंच!

तेक्ला : दव नव्हे रे, चीक. माशी बसली की पान मिटत जातं, सावकाश. आईनं मूल कुशीत घ्यावं तसं. चार दिवसांनी नुसते पंख.

यूखिम : पार क्षितिजापर्यंत लाल झालंय शेवाळ. आणि रोपं शोधायला आलेल्या त्या सरकारी पाहणीवाल्याला तुम्ही काय सांगितलंत?

तेक्ला : इथे काही उगवत नाही, म्हणाले मी.

यूखिम : का पण?

तेक्ला : सरकारी टोपी दारात. म्हणे, आजी, दवबिंदू ओळखता? खुडायला बंदी, आणि मी तीस वर्षं खुडतेय. वाटलं, दंड करायला आलाय.

यूखिम : अहो, हे रोप सापडलं असतं तर दलदल आटवायला चर खणणं थांबलं असतं! आता दुकानाच्या दारावर कागद लागलाय. ‘दुर्मीळ वनस्पती नाही, गावकऱ्यांचा दुजोरा.’ सोमवारी यंत्रं येतायत.

तेक्ला : गावकरी म्हणजे मी.

यूखिम : तो हरामखोर तरी कुठे उतरला दलदलीत? कोरड्या बुटांनीच परत गेला.

तेक्ला : त्याला कशाला शिव्या? टोपी दिसली की आपलं तोंड आपोआप ‘नाही’ म्हणतं. दारू गाळता? नाही. मासे चोरता? नाही. एकदाच ‘हो’ म्हणायचं होतं.

(कुठेतरी क्रौंच ओरडतो.)

तेक्ला : पलीकडची दलदल अशीच उपसली. तिथल्या पीटची, त्या जळाऊ मातीची धूळ तुझ्या भावाच्या छातीत बसली. याच पानांच्या काढ्यानं त्याला झोप लागायची.

यूखिम : अर्ज करू. पण खोटं बोललात, खुडता, सगळं कबूल करावं लागेल.

तेक्ला : लिही. तेक्ला, मिकीताची मुलगी, उलासची विधवा. पूर्ण लिही.

यूखिम : पुराव्याला एक रोप घेऊ?

तेक्ला : हात लावू नकोस! त्यांनाच येऊ दे इथवर. भिजू देत बूट.

यूखिम : जागा सापडायची कशी? चहूकडे सारखंच.

तेक्ला : मी उभी राहते ना.

यूखिम : वहिनी, पाय रुततायत तुमचे.

तेक्ला : रुतू देत. खूण पक्की होईल.