फांगच्या ओटीचा नवस

नाही, सुपारी चालते हो, मी कुठे नाही म्हणते? हे फिरतीवर असले की पूजेला ह्यांच्या जागी सुपारी मांडून मी कितीदा बसलेय, आणि खरं सांगू का, सुपारी मधेच उठून फोन घ्यायला जात नाही. पण नवसाच्या सवाष्णीच्या जागी सुपारी? आणि तीही का, तर तिचा देश आणि मी राहते तो देश यांचं बिनसलं म्हणून? आता मला सांगा, यात लक्ष्मीचा काय दोष?

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

आम्ही कोबेला राहतो. ह्यांची कंपनी मुंबईची, हे इथे पोस्टिंगवर. मोटारींत बसतात ती लोहचुंबकं इकडून घ्यायची नि तिकडे विकायची, हा ह्यांचा धंदा. आणि आमच्या समोरच्या दारात फांग. चीनची, समुद्रकाठच्या गावची, नवरा इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. आम्ही दोघी बोलतो जपानीत, आणि दोघींचं जपानी इतकं मोडकं की गैरसमज व्हायलासुद्धा शब्द पुरत नाहीत. मी नवी असताना प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी काचेची बाटली टाकली, तर पिशवीवर लाल चिठ्ठी, म्हणजे सगळ्या इमारतीत शोभा. फांगनं ती चिठ्ठी गुपचूप काढली आणि स्वतःच्या पिशवीला लावली. शेजार म्हणजे आणखी काय असतं हो?

तर जूनमध्ये आमच्या जुईचं अपेंडिक्स फुटलं. हे नेमके सिंगापूरला. पोरीला ऑपरेशनला आत नेलं, आणि मी बाहेर बाकावर. फांग शेजारी बसली. धीर द्यायला तिच्याकडे शब्द नाहीत, म्हणून बाई सफरचंदं कापत राहिली. एक संपलं की दुसरं. मी डोळे मिटले आणि बोलून गेले, आई महालक्ष्मी, पोरगी धड बाहेर येऊ दे, मार्गशीर्षातले गुरुवार करीन, आणि ही जी आत्ता माझ्याजवळ बसलीय, हिचीच ओटी भरून उद्यापन करीन. जुई बरी झाली, सप्टेंबरात पोहायलाही लागली. आता नवस बोलताना कोणी आंतरराष्ट्रीय परिस्थिती बघतं का?

पाच सवाष्णी ठरवल्या. फांग तर मुख्य. दुसरी श्यू, तैवानची, आमच्या जपानीच्या वर्गात माझ्याहून हुशार. तिसऱ्या, खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, सत्तरी उलटलेल्या, नवरा ठणठणीत. चौथी मारिसेल, फिलिपाइन्सची, म्हाताऱ्यांच्या केंद्रात काम करते. आणि पाचवी आपली सुचित्रा, बँकेतल्या ऋषींची बायको. पोथीत सवाष्ण म्हटलंय, पासपोर्ट म्हटलेला नाही.

आणि पहिला गुरुवार यायच्या आधीच ते सुरू झालं. हे जेवताना म्हणाले, "तैवानवरून तोक्योत एक वाक्य बोललं गेलं, बीजिंग भडकलंय. चिनी लोकांना सांगितलंय, जपानला जाऊ नका."

मी म्हटलं, "मग वाक्य मागे घ्यायचं."

"दुधाची पिशवी आहे का, परत करायला? तू आमटी वाढ. आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत."

हे ह्यांचं नवीन. अंगाला खाज सुटली तरी परिस्थितीवर लक्ष.

मी गावात फुलं आणायला गेले, तर मोठ्या बॅगा ओढणारे चिनी प्रवासी दिसेचनात. मोत्यांच्या दुकानातली चिनी बोलणारी मुलगी दारात उभी राहून स्वतःची नखं बघत होती. मग इथून चीनला जाणारी मासळी बंद. मग विमानं बंद, एकेक मार्ग. मग जपानी गायकांचे तिकडचे कार्यक्रम बंद. मग समुद्रावर चीनच्या विमानानं जपानच्या विमानावर रडार रोखलं. मी विचारलं, रडार रोखलं म्हणजे काय, तर हे म्हणाले, "म्हणजे बंदूक रोखायची आणि चापावर बोट ठेवून उभं राहायचं." मी म्हटलं, मग अमेरिका काय करतेय, ती जपानची मैत्रीण ना? तर म्हणाले, "अमेरिकेला चीनला सोयाबीन विकायचंय." घ्या. आमच्या कोबेच्या बंदरात काळी पाणबुडी उभी असते. इथेच बांधतात म्हणे, वर्षानुवर्षं. मला ती कधी दिसली नव्हती. आता आगगाडीच्या खिडकीतून तेवढीच दिसायला लागली. मी कलशावर पाच पानं लावतेय, फळं मांडतेय, आणि डोळ्यांपुढे ती काळी पाठ. आता मला सांगा, यात लक्ष्मीचा काय दोष?

बरं, इथे कोणी कोणाशी भांडेल तर शपथ. भांडले असते तर समजूत तरी घातली असती. मोरिता-सानना आमंत्रण दिलं, तर कमरेत वाकून म्हणाल्या, "विचार करून ठेवते हं." मी खुशीत घरी आले. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुला इतकी वर्षं 'बघू, जमवते' म्हणणाऱ्या बायका माहीत नाहीत का? जपानीत हाच त्याचा अर्थ." खरंच की. माझ्या नणंदबाई लग्नापासून जमवताहेत.

मग श्यूचा फोन. "फांग येणार ना? मग मी नको. कोणी माझ्याबरोबर तिचा फोटो काढून नेटवर टाकला, तर तिच्या नवऱ्याला तिकडून विचारतील." आणि संध्याकाळी दारात फांग. "श्यू येणार ना? मग मी नको. आत्ता तिला माझ्याशेजारी बसणं जड जाईल." दोघी एकमेकींसाठी माघारी फिरलेल्या, आणि मधे मी, हातात हळदीकुंकवाचं तबक. मी दोघींना म्हटलं, तू येच. दोघी म्हणाल्या, बघते.

सुचित्रानं तर मलाच धारेवर धरलं. "सुपारी मांड आणि मोकळी हो, उत्तरा. आणि चिनी बाईचीच ओटी भरायची हौस का तुला? माझा भाऊ लेहला आहे. उणे तापमानात. कोणामुळे उभा आहे तो तिथे?"

"फांगमुळे नाही गं."

"मग कोणामुळे?"

मी तिला चहा दिला. तिनं घेतला, पण साखर कमी आहे म्हणाली.

शेवटचा गुरुवार आला. त्या आठवड्यात तोक्योचे पांडासुद्धा चीनला परत निघायचे ठरले. मला त्या पांडांनी फार घाबरवलं बघा. माणसं भांडतात, बोलतात, परत येतात. पण दिलेलं जनावर दावं सोडून माघारी न्यायला लागले, म्हणजे गोष्ट कुठवर गेली असेल?

पाच आसनं मांडली. दिवेलागण झाली. सुचित्रा आली, तोंड फुगवून, पण नथ घालून. मारिसेल ड्यूटीवरून थेट आली. बाकी तीन आसनं रिकामी. सुचित्रानं डब्यातून तीन सुपाऱ्या काढल्या, पुसल्या आणि मांडल्या. चीन, तैवान, जपान, ओळीनं. मारिसेल त्यांच्याकडे बघून हळूच म्हणाली, "माझा भाऊ मासेमार आहे. चिनी जहाजं त्याच्या होडीवर पाण्याचे फवारे मारतात. मागच्या वेळी दोरीला धरून राहिला म्हणून वाचला." आणि मग मलाच विचारते, "पण फांग का नाही आली? मी तिच्यासाठी केक आणलाय."

इतक्यात बेल. दारात फांग. डोळे सुजलेले. नवऱ्याला तिकडच्या संस्थेनं बोलावून घेतलंय. उद्या सकाळचं विमान, सरळ जाणारं नाही म्हणून कोरियातून, सोलवरून. "थोडे दिवस," म्हणाली. मी बघते तर तिच्या उघड्या दारातून आत पडदेसुद्धा काढलेले. थोड्या दिवसांसाठी कोणी पडदे काढतं का हो?

मी तिला सुपारी उचलून आसनावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. तिनं पदर नाही म्हणून कोट पसरला. आणि मग म्हणाली, "उत्तरा-सान, हे मला नेता येणार नाही. तांदूळ, फळं, विमानतळावर काढून घेतात."

ओटीचे तांदूळ सवाष्णीनं स्वतः शिजवून खायचे असतात. देऊन परत घेणं म्हणजे, शिव शिव. आणि कचऱ्यात जाणार, तेही कुठल्याशा अधिकाऱ्याच्या हातून. मी सांगितलं, तू आत्ताच शिजव. तिचं भांडंकुंडं खोक्यांत गेलेलं, म्हणून माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहिली. मूठभर तांदूळ आणि भरपूर पाणी. म्हटलं, अगं, ही तर आपली पेज.

आणि वाफ सुटल्यावर तिनं खिशातून फोन काढला, स्वतः, आणि श्यूला एवढंच म्हणाली, "ये."

श्यू कुठून आली असेल? खालच्या जिन्यातून. तास झाला, पायरीवर बसली होती बाई, आत यावं की न यावं करत. मोरिता-सानना तिथेच सापडली, तर त्याही आल्या, खारवलेल्या आलुबुखारांची बरणी घेऊन. म्हणाल्या, विचार पूर्ण झाला. आणि मग, तुम्हाला सांगते, भांडण झालं. खरंखुरं. श्यू म्हणाली, पेजेत रताळं हवं. फांग म्हणाली, रताळं घातलेली पेज ही पेजच नव्हे. "आमच्याकडे घालतात." "तुमच्याकडे चुकीचं घालतात." ताणत ताणत दोघी चिनी भाषेत शिरल्या, आम्हाला काही कळेना. मोरिता-सान बरणी छातीशी धरून भिंतीला टेकल्या. शेवटी सुचित्रा उठली, अर्धी पेज दुसऱ्या भांड्यात ओतली, अर्धीत रताळं टाकलं, आणि मराठीत ओरडली, "आता दोघी गप्प बसा आणि जेवा." दोघी जेवल्या. रडल्याही, पण ते पेज गरम होती म्हणून, असं दोघींनी सांगितलं.

सकाळी फांग गेली. पंधरवड्यानं निरोप आला, पोचलो, थंडी आहे. महिन्यानं आला, बघू. हे म्हणतात आता चुंबकाच्या कच्च्या मालावरही चीनकडून बंधनं आलीत, पोस्टिंगचंच काय होईल सांगता येत नाही. समोरच्या दारावर नव्या भाडेकरूसाठी पाटी लागली. आता मला सांगा, यात लक्ष्मीचा काय दोष? तिनं माझी पोर दिली, मी तिचा नवस फेडला. हिशेब पुरा.

फक्त तो ओटीतला नारळ तेवढा राहिला. पेजेत जाईना आणि विमानात चालेना. फ्रिजवर ठेवलाय. फोडायचा तर तो फांगचा. द्यायचा तर फांग नाही. सुचित्रा म्हणते, सोलकढी कर. ह्यांना विचारलं, तर तेच, लक्ष ठेवून आहोत. जुई शाळेतून आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "आई, घर आपलं, नारळ चीनचा, आणि कोणीच हात लावायचा नाही. ह्यालाच वादग्रस्त प्रदेश म्हणतात ना?"

म्हटलं, असेल बाई. मी आपली दर गुरुवारी खाली काढते, पुसते, कानाशी धरून हलवते, आणि आत पाणी वाजलं की परत वर ठेवते.