गालिच्यावर सोबत कोण

(कॅनडातल्या सपाट गव्हाळ मुलखातलं एक खेडं. आईचं स्वयंपाकघर. बर्फावरच्या हॉकीतून निवृत्त झालेला तारास नुकताच आत आलाय.)

आई : आपल्याच घराचं दार वाजवतात का रे? या गावात फक्त विमेवाला वाजवतो.

तारास : सवय गं. सगळा जन्म परक्या घरांत नाहीतर हॉटेलांत गेला.

आई : बूट काढ, बस. पेपरात बारीक दिसतोस, इथे खुर्चीत मावत नाहीस.

तारास : शनिवारी क्लबाच्या स्टेडियममध्ये सन्मान म्हणून माझी जर्सी कायमची छताला टांगणार. बर्फावर लाल गालिचा टाकतात, घरच्या माणसानं सोबत चालायचं असतं. तू येणार की नाही, काही कळवलं नाहीस.

आई : क्लबातल्या पोरीचा फोन आलेला, समारंभात सांगायला माहिती हवी म्हणून. 'पोरसवदा होता तेव्हा काय आवडीनं खायचा?' मी मार्लीनचा नंबर दिला. पंधराव्या वर्षी हॉकी खेळायला म्हणून इथून बसमध्ये बसलास, तो तिच्या दारात उतरलास. पुढचं तिला माहीत.

तारास : क्लबानं ठेवलं म्हणून राहिलो तिच्याकडे. त्याचे पैसे मिळायचे तिला.

आई : पहिल्या पगाराचा फ्रीज तिच्याकडे गेला. मनात काही नाही माझ्या. नुसतं लक्षात आहे.

तारास : काय सांगितलं तिनं?

आई : त्या पोरीनं परत फोन करून सांगितलं, डब्यातला मासा घातलेली मॅकरोनी. दोनदा मागून घ्यायचास म्हणे. इथे तर मासा दिसला की टेबलावरून उठायचास.

तारास : अजून गिळवत नाही.

आई : मग मागून कशाला घ्यायचास?

तारास : निघताना बाबा म्हणाले होते, लोकांना जड होऊ नकोस. वाटायचं, नको म्हटलं तर परत पाठवतील.

आई : इतकी वर्षं?

तारास : संघातही तेच. संसारातही. ब्रेंडा सोडून गेली तेव्हा म्हणाली, तुझ्याशी कधी भांडताच आलं नाही.

आई : माझ्याशी तर रोज भांडायचास. सूप खारट झालं की वाटी ढकलून द्यायचास.

तारास : म्हणून तर आलोय. चल ना शनिवारी.

आई : आणि कुणी विचारलं तर काय सांगू? मला पंधरा वर्षांपर्यंतचाच ठाऊक आहेस.

तारास : तेवढाच सांग. पुढचा कुणालाच ठाऊक नाही.

आई : ...येते. पण हात धरायचास, गालिचा असला तरी खाली बर्फच. आता जेव. वारेनिकी केल्यात, बटाटा भरून करंज्यांसारख्या उकडलेल्या. वर तळलेला कांदा घालू?

तारास : चालेल.

आई : चालेल का?

तारास : नको, आई. मला नाही आवडत.