तार काढली तरी

नाही, तुम्हीच सांगा, परक्याने केलं असतं तर मी समजू शकले असते, पण घरच्या माणसाने? सख्ख्या बापाने?

तीन आठवडे, तुम्हाला सांगते, तीन आठवडे मी बर्फाचा ट्रे मांडीवर घेऊन बसले होते! खणाखणात व्हिनेगर, प्रत्येक खणात एकीकडे जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, दुसरीकडे तांब्याची तार, या खणातला खिळा शेजारच्या खणातल्या तारेला जोडायचा, की झाली बॅटरी! दोन टोकांना एवढुसा लाल दिवा, पुठ्ठ्यात खोचलेला. आणि तो पेटतो हो! आई रोज म्हणायची, "घरात बर्फाचा खडा नाही आणि नाकातून आंबट वास जात नाही. दिवा पेटला ना तुझा? मग माझा ट्रे दे!" पण देणार कसा? वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी शब्द दिला होता, प्रयोग लोकांना पटला तर दर रविवारी हॉल माझ्या विज्ञानवर्गाला! आणि माझ्या वर्गाचा नियम एकच. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासा!

झालं, हॉल भरला. दिवा पेटला. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मंडळी, माझ्यावर विश्वास ठेवू नका! ही बघा, मी तार काढते... विझला की नाही?"

सगळे म्हणाले, "नाही!"

"नीट बघा!"

"नाही विझला!"

बघते तर काय, दिवा ढिम्म! मी दुसरी तार काढली... पेटलेलाच. खिळे उपटले, ट्रे उचलून बाजूला ठेवला, अर्धं व्हिनेगर माझ्या अंगावर... आणि दिवा आपला शांतपणे जळतोय! पहिल्या रांगेतले पेन्शनर काका उभेच राहिले. "शाब्बास पोरी! ट्रेचीसुद्धा गरज नाही!" टाळ्यांचा कडकडाट!

मी पुठ्ठा उलटा केला. मागे चपटा गोल सेल, घड्याळात असतो तसा, आणि त्यावर इतकी नीटस चिकटपट्टी, इतकी सरळ कापलेली, की गावात तशी एकच माणूस कापतो. माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात! गिऱ्हाइकाला जुना स्क्रू नवा म्हणून देणार नाही हा माणूस, आणि पोटच्या पोरीला...? मी तिसऱ्या रांगेत बघितलं. बाबा छताचा पंखा निरखत होते. बंद पंखा! घरच्या माणसाने, हो!

मी सेल वर धरून ओरडले, "ही फसवणूक आहे! दिवा यावर पेटलाय!" तर काका म्हणतात, "अरे वा, सेलसुद्धा घरीच बनवलास?" आणि ग्रंथपालबाई डोळे पुसत, "किती विनय गं तुझ्यात! हॉल तुझा!" आता बोला!

घरी येऊन मी विचारलं, "का केलंत, बाबा?"

"सकाळी तू आंघोळीला गेलीस, तेव्हा म्हटलं, बघावं एकदा. पेटतच नव्हता गं. चार लोकांत तुझी फजिती नको..."

"कुठे ठेवून बघितलात?"

"माझ्या टेबलावर. कुठे म्हणजे?"

त्यांच्या टेबलावर! जिथे केसाएवढी स्प्रिंग दिसावी म्हणून दोन दिवे ढणढणत असतात, वर डोळ्याला भिंग! त्या उजेडात माझा बिचारा मिणमिणता दिवा दिसणार कसा? मी ट्रे भरला, खिळे लावले, सेल काढून दिवा जोडला, खोलीचा पडदा ओढला... आणि पेटलेला! म्हणजे तो सकाळीही पेटलेलाच होता! माझ्या व्हिनेगरने दगा दिला नाही, खिळ्यांनी दिला नाही, दिला तो घरच्या माणसाने!

बाबांनी वाकून दिवा निरखला. मग हळूच म्हणाले, "खरंच की गं." मला वाटलं, चला, एक माणूस तरी पटला! तीन आठवड्यांचं सोनं झालं!

काल वर्गाच्या नावनोंदणीचा कागद आला. पहिलं नाव बाबांचं. मी म्हटलं, "बाबा, रविवारी सगळं परत करून दाखवणार आहे, अगदी खरं!"

"दाखव ना," बाबा म्हणाले, "तू निर्धास्तपणे व्हिनेगर आण. बाकीचं मी बघतो."